इतरांनी चालणे

यंत्राशी भांडू नये हे मला कळतं. तरी त्या दिवशी सकाळपासून मी भांडत होते, आणि तेही मोठ्याने. खालच्या दुकानात माझा भाऊ रईस खिळे तोलता तोलता गिऱ्हाइकांना सांगत होता, की वर ताईचं ऑफिस आहे, घाबरायचं कारण नाही.

पौडच्या बाजारपेठेत रईसचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि त्याच्या माळ्यावर माझं. मी वेबसाइट करते आणि सांभाळते. माझी गिऱ्हाइकं म्हणजे भातगिरण्या, धरणाकडेचे दोन रिसॉर्ट, ताम्हिणीच्या वाटेवरचे ढाबे आणि माणमधले खोल्यावाले. यांपैकी कुणालाही मी नक्की काय करते हे माहीत नाही. बंद पडलं की फहमिदाताईंना फोन करायचा, एवढंच त्यांना ठाऊक. चालू असतं तेव्हा मी कुणालाच आठवत नाही.

त्या दिवशीचा फोन माणहून होता, शुभांगीवहिनींचा. त्यांच्या नवऱ्याची, शेखरदादांची, बरीचशी जमीन आयटी पार्कात गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी तीन इमारती बांधल्या आणि खोल्या भाड्याने दिल्या. त्या खोल्यांची साइट मी केलेली. तिच्यातच एक पान वहिनींच्या डब्याचं.

“ताई, पानावर इंग्रजीत कायतरी आलंय,” वहिनी म्हणाल्या. “आजची भाजी गेली.”

मी पान उघडलं. वर डब्याचा फोटो नीट होता, खाली फोन नंबर नीट होता. मधोमध, जिथे मेनू दिसायला हवा, तिथे कंसात इंग्रजी ओळ होती, की ही सूचना पार पाडताना चूक झाली. कसली चूक, कुठे झाली, कुणी केली, याबद्दल अवाक्षर नाही. ही ओळ ज्याने लिहिली त्याला एकदा समोर बसवून विचारायची माझी फार इच्छा आहे.

हे पान मी मुद्दाम जुन्या पद्धतीने केलं होतं. पान एका ठिकाणी, मेनूची फाइल दुसऱ्या ठिकाणी. कुणी पान उघडलं की सर्व्हर स्वतः जाऊन ती फाइल आणतो, मधे बसवतो आणि मग पान दाखवतो. वहिनींनी फोनवरून फक्त ती चार ओळींची फाइल बदलायची, बाकी काही बिघडायची भीती नाही. फाइल ‘डबा’ नावाच्या फोल्डरमध्ये होती, आणि ते फोल्डर ‘शेखर’ नावाच्या फोल्डरच्या पोटात. साइट करताना मी विचारलं होतं, वहिनींचं वेगळं ठेवू का? दादा म्हणाले होते, “तिचं येगळं कशाला, टाका माझ्यातच.” वहिनी काही बोलल्या नाहीत, म्हणून मी तसं केलं.

“आज चारला त्यांची मीटिंग हाय ना ताई,” वहिनी हळूच म्हणाल्या.

ते मला माहीत होतं. गेला पंधरवडा त्या दुसरं काही बोलतच नव्हत्या. हिंजवडीच्या एका कंपनीत रोजचे जेवणाचे डबे हवे होते. तिथले निरंजन म्हणून अधिकारी तीन जणांच्या डब्यांचा विचार करत होते, त्यातल्या एक वहिनी. मीटिंगमध्ये पान मोठ्या पडद्यावर उघडायचं आणि तिथूनच फोन करून मेनूतला एखादा पदार्थ बदलायला सांगायचा, अशी त्यांची परीक्षा होती. त्यांच्याकडे कुणाचा उपवास, कुणी जैन, कुणाला शेंगदाण्याचा त्रास, म्हणून बदल केल्या केल्या दिसला पाहिजे. त्यामुळे मेनू तेवढ्यापुरता पानात चिकटवून वेळ मारून नेणंही शक्य नव्हतं.

वहिनी भाडेकरू पोरांना कित्येक वर्षं डबे देतात. पण ते खोलीबरोबरच दिल्यासारखं, शेखरदादांकडचा डबा म्हणून. पोरं जाताना ‘थँक्यू काका’ म्हणून दादांचा निरोप घेतात. हे कंपनीचं काम मिळालं तर ते वहिनींच्या नावावरचं पहिलं काम असणार होतं. मला त्यांच्यापेक्षा जास्त धाकधूक होत होती, आणि धाकधूक झाली की मी चिडते.

मेनूची फाइल पाहिली. जागेवर होती, मटकीची उसळ आणि टोमॅटोचं सार शाबूत. ‘डबा’ फोल्डर पाहिलं, तेही ठीक. सर्व्हरला अशा फाइली मधे बसवायची मुभा आहे का ते पाहिलं, तर तीही होती. मग सर्व्हरची दैनंदिनी उघडली, जिथे तो आपली गाऱ्हाणी लिहून ठेवतो. तिथे एकच गाऱ्हाणं पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. वाटेतल्या कुठल्यातरी टप्प्यावर मला पुढे जायची परवानगी नाही.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. फोल्डरला तीन परवानग्या असतात. एक आत काय काय आहे ते वाचायची, दुसरी आत लिहायची आणि तिसरी त्याच्यातून चालत पुढे जायची. सगळ्यात आतल्या फोल्डरची दारं सताड उघडी असली आणि बाहेरच्या फोल्डरने ही तिसरी परवानगी काढून घेतली, तर आतलं असून नसल्यासारखं होतं. गिऱ्हाइकांना इंग्रजीची धास्ती नको म्हणून माझ्या सर्व्हरच्या पडद्यावर हे सगळं मी मराठीत केलं आहे. एकाखाली एक ओळी, फोल्डरचा ‘मालक’, त्याने घेतलेल्यांचा ‘गट’, बाकी सगळे ‘इतर’, आणि प्रत्येक ओळीपुढे ‘वाचणे’, ‘लिहिणे’, ‘चालणे’. चौकटीवर टिचकी मारून खूण केली की परवानगी दिली, पुन्हा मारली की काढली. ‘चालणे’ हा शब्द शोधायला मला दोन दिवस लागले होते आणि त्याचा मला अभिमान होता.

‘शेखर’ फोल्डर उघडून पाहिलं. इतरांच्या ओळीत ‘चालणे’वरची खूण गायब. सर्व्हर बिचारा इतरांतच मोडतो, तो जाणार कुठून? मी खूण केली आणि पान उघडलं. मटकीची उसळ आली.

“झालं वहिनी,” मी फोन करून सांगितलं आणि चहा मागवला.

चहा यायच्या आत फोन वाजला. “ताई, परत इंग्रजी आलं.”

खूण गेली होती. मी पुन्हा केली. उसळ आली. मी पडद्याकडे बघत बसले, तर थोड्या वेळाने खूण पुन्हा गेली. आता हे काय भूत होतं? सर्व्हरवर रात्री सगळ्याची नक्कल घेणारा एक प्रोग्रॅम आहे, मला वाटलं तोच दिवसा उठलाय. तो बंद केला. खूण केली, खूण गेली. आदल्या आठवड्यात सर्व्हर अद्ययावत केला होता. ते सगळं उलटंपालटं करून तपासलं, तिथेही काही सापडलं नाही. मधल्या काळात त्याच सर्व्हरवरच्या एका रिसॉर्टची साइट माझ्याच हाताने बंद पडली आणि त्यांचा मॅनेजर मला शनिवारच्या बुकिंगबद्दल व्याख्यान देत राहिला.

शेवटी शेखरदादांना फोन लावला. “दादा, साइटमध्ये तुम्ही काही बदललंय का?”

“मी कशाला हात लावतोय? मला त्यातलं काय कळतंय?”

“नक्की ना?”

“अवो ताई, खोल्यांचं फोटू दिसत्यात की नीट. तुमचंच कायतरी बिघडलं आसंल.”

फोटोही त्याच फोल्डरमध्ये होते. ते दिसतात म्हटल्यावर माझं डोकंच चालेना, कारण वाट बंद असेल तर तेही दिसायला नकोत. दादांच्या फोनने ते पूर्वीच उतरवून ठेवलेत आणि तेच जुने दाखवतोय, हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी पुन्हा मुळापासून तपासायला लागले आणि सकाळ त्यात गेली.

दुपारी वहिनींचा आवाज रडवेला झाला. “ताई, तुमी हितंच या ना. चार वाजता माझ्याजवळ कुनीतरी कळणारं पायजे.” मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्कूटर काढली. घोटावड्यावरून माणला जायचा रस्ता म्हणजे निम्मा खडी आणि निम्मा डंपर. आयटीच्या इमारती दिसायला लागेपर्यंत मी त्या खुणेला, त्या सर्व्हरला आणि ‘चूक झाली’ म्हणणाऱ्या त्या अज्ञात गृहस्थाला पुरेशा शिव्या दिल्या होत्या.

दादांच्या घरात पुढे बैठकीची खोली आणि मागे स्वयंपाकघर, मधे पडदा. दादा सोफ्यावर फोन घेऊन बसले होते, कपाळाला आठ्या. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी आत गेले. वहिनींनी ओट्याचा एक कोपरा पुसून मला जागा केली. तीन डबे नमुन्याला भरून ठेवलेले होते, नव्या स्टीलचे. मी लॅपटॉप उघडला, खूण केली. वहिनींनी फोनवर पान उघडलं आणि उसळ दिसल्यावर त्यांचा चेहरा सैलावला.

पडद्यापलीकडून दादांचा आवाज आला. “परत क्येलं. बघा, परत चालू क्येलं.”

मी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे. माझ्या डोळ्यांसमोर खूण गेली.

मी हळूच पुन्हा केली. “आयला,” पडदा म्हणाला, “ह्यो काय ऐकत न्हाई.” खूण गेली.

मी लॅपटॉप तसाच उचलून बाहेर गेले. “दादा, काय करताय?”

“ह्ये बघा ताई.” त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यावर माझाच पडदा, माझ्याच मराठीत. “सकाळधरनं कुनीतरी माझ्यात शिरतंय. मी बंद करतोय, त्यो चालू करतोय. मी बंद करतोय, त्यो चालू करतोय. नरहरीचा पोरगा आसनार, कंप्युटरमदी हाय त्यो.”

नरहरी म्हणजे त्यांचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी.

“तो मी आहे दादा,” मी म्हटलं. “सकाळपासून मी चालू करतेय.”

“तुमी?” ते माझ्याकडे बघत राहिले. “तुमी कशाला माझ्यातनं लोकं चालीवताय?”

मी खाली बसले. म्हणजे सकाळपासून आम्ही दोघं एका खुणेसाठी पौड ते माण ओढाओढ करत होतो, आणि दोघंही समोर चोर आहे असं धरून. माझं डोकं तापलं होतं, पण हसूही दाबता येईना. “तुम्ही म्हणालात हात लावला नाही.”

“साइटीला न्हाईच लावला. मी माझं बंद करत हुतो. भाडं बदलायला म्हनून काल आत ग्येलो, तर हितं लिव्हलंय.” त्यांनी बोट ठेवून वाचलं. “इतर, चालणे. आन् फुडं व्हय म्हनून खूण. मला इचारलं तरी का कुनी?”

“दादा, त्याचा अर्थ—”

“अर्थ मला सांगू नका. आमच्या आबांनी नरहरीच्या बापाला बांधावरनं चालू दिलं. माणुसकी म्हनून. बैलगाडी जाऊ दे म्हनले, मग ट्रॅक्टर जाऊ दे म्हनले. आता त्येंनी तहसीलला लिव्हून दिलंय, ही आमची वहिवाट हाय म्हनून. पुढच्या म्हयन्यात तारीख हाय माझी. इतरास्नी चालू दिलं की रस्ता त्येंचा हुतो, ह्ये माणमदलं शेंबडं पोरगं सांगंल तुमाला.”

शब्द मी बरोबर निवडला होता. इतका बरोबर, की या माणसाला तो माझ्यापेक्षा जास्त कळला. मूळचा इंग्रजी ‘एक्झिक्यूट’ तसाच ठेवला असता तर त्यांनी ढुंकून पाहिलं नसतं.

“दादा, इथे वहिवाट लागत नाही,” मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं. “कुणी कितीही वर्षं चाललं तरी मालक तुम्हीच. आणि ज्याला तुम्ही अडवताय तो नरहरीचा मुलगा नाही. तुमच्या फोल्डरच्या मागे वहिनींचं आहे. त्यांच्या मेनूकडे जायला दुसरी वाट नाही.”

दादांनी स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघितलं. वहिनी तिथे उभ्या होत्या, हातात पळी.

“आगं, मग मला सांगायचं की,” दादा म्हणाले. “मला काय ठावं तुजं मागं हाय.” आणि त्यांनी अंगठ्याने खूण केली. “घे. दिली वाट. जाऊ दे इतरास्नी.”

मी पान उघडलं. उसळ होती, सार होतं. खूण जागची हलली नाही. चार वाजायला अवकाश होता. मी लॅपटॉप आत नेऊन पुन्हा ओट्यावर ठेवला, दादाही मागोमाग आले, आणि मी वहिनींना म्हटलं, आता चहा द्या.

चहा आला नाही. वहिनी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. “ताई, ही खूण परत काढता येती का?”

“येते. पण दादा आता काढणार नाहीत.”

“कुनाला काढता येती?”

“ज्याचं फोल्डर त्याला. आणि सर्व्हर मी सांभाळते म्हणून मला.”

“मला न्हाई?”

“तुम्हाला फक्त मेनूची फाइल बदलता येते. फोल्डरची खूण दादांनाच.”

त्यांनी थोडा विचार केला. “मग माझं भाईर काढा. आत्ताच.”

चालू असलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम, आणि मीटिंगच्या तोंडावर तर नाहीच नाही. “वहिनी, उद्या करू. आज चालतंय ते चालू द्या. हलवताना एक अक्षर चुकलं तर पुन्हा तेच इंग्रजी येईल, तेही त्यांच्या पडद्यावर.”

“उद्या काम मिळालेलं आसंल. मग कुनी म्हनंल, चाललंय की, कशाला हलवताय.”

“आगं, मी दिली न्हवं वाट?” दादा खरोखर दुखावले होते. “तुला कवा न्हाई म्हनलोय मी?”

“न्हाई म्हनला न्हाई,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “तुमी देताय, म्हनूनच नको. उद्या बी तुमीच देनार आन् परवा बी तुमीच. माझी भाजी रोज तुमच्या खुणंवर.”

दादांनी माझ्याकडे बघितलं, जणू ही तक्रार माझ्या खात्यात येते. मी लॅपटॉपकडे बघितलं. वहिनींचा मला त्या घडीला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं आणि वेळ चुकीची होती. पण बरोबर वेळ त्यांना कधी मिळणार होती, तेही मला सांगता आलं नसतं.

मी ‘शुभांगी’ नावाचं नवं खातं उघडलं, वहिनींना पासवर्ड टाकायला दिला आणि टाकताना तोंड फिरवलं. दादांनी मात्र मान वाकडी करून बघायचा प्रयत्न केला. वहिनींनी पदराने कीबोर्ड झाकला. मग ‘डबा’ फोल्डर दादांच्या पोटातून उचलून बाहेर ठेवलं, थेट साइटच्या तोंडाशी, आणि मालक म्हणून वहिनींचं नाव लावलं. पान उघडलं.

ही सूचना पार पाडताना चूक झाली.

आणि त्याच वेळी वहिनींचा फोन वाजला. निरंजन.

“मॅडम, आम्ही बसलोय सगळे. पेज ओपन करतोय. जरा नेट स्लो आहे इकडे.”

“हो सर,” वहिनी म्हणाल्या, शहरी मराठीत. “सावकाश उघडा.”

फोल्डर हलवलं, पण पान अजून मेनू जुन्या वाटेने आणायला जात होतं, दादांच्या फोल्डरमधून. एका ओळीत ‘शेखर’ हा शब्द राहिला होता. मी तो खोडला. आधी चुकून पुढची रेघही खोडली, ती परत घातली. दादा माझ्या खांद्यावरून बघत होते आणि त्यांनी तो शब्द खोडताना पाहिला.

“हां, आलं,” फोनमधून आवाज आला. “मटकीची उसळ, टोमॅटोचं सार. मस्त. आता मॅडम, समजा उसळ नको. एक जण विचारतायत, दुधी होईल का?”

वहिनींनी माझ्या लॅपटॉपला हात लावला नाही. फोन मला धरायला देऊन त्यांनी घरातला दुसरा फोन घेतला, आपलं नाव टाकलं, आपला पासवर्ड टाकला, उसळ खोडली आणि दुधी लिहिला. दुधी चण्याच्या डाळीचा, असं पूर्ण लिहिलं.

पलीकडे थोडी कुजबुज झाली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “दिसला,” निरंजन म्हणाले. “हे लगेच होतंय, छान आहे. बाकी दोघांनी आम्हाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो म्हणून सांगितलं होतं. मॅडम, सोमवारपासून चालू करू या. बिल शेखर सरांच्या नावाने काढायचं ना?”

“नाही सर,” वहिनी म्हणाल्या. “शुभांगीच्या.”

फोन ठेवल्यावर वहिनी स्टुलावर बसल्या आणि रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मलाही भरून आलं आणि ते लपवायला मी म्हटलं की पुन्हा कधी मीटिंगच्या तोंडावर असलं काही करायला सांगितलंत तर मी पौडहून येणार नाही. त्या रडता रडता हसल्या आणि चहा टाकायला उठल्या.

दादा मात्र लॅपटॉपसमोरून हलले नव्हते. पडद्यावर नव्या फोल्डरच्या परवानग्या उघड्या होत्या. ते बोट फिरवत फिरवत वाचत होते. मालकाच्या ओळीपुढे शुभांगी. गटापुढे कुणीच नाही.

“ताई,” त्यांनी विचारलं, “ह्यात मी कुटं हाय?”

मी वहिनींकडे बघितलं, त्या चहात आलं किसत होत्या. सांगायला जिवावर आलं, पण दुसरं उत्तर नव्हतं. “शेवटच्या ओळीत दादा. इतर.”

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

“खूण हाय तितं,” वहिनी मागे न वळता म्हणाल्या. “चाला की खुशाल.”